पात्रतेचा दाखला

प्रकल्प-व्यवस्थापनाचें प्रमाणपत्र मिळवावें, अशी आकांक्षा आज नागपुरांतील अनेक तरुण अभियंते बाळगतात. ही परीक्षा एका अमेरिकन संस्थेनें १९८४ सालीं सुरू केली. परंतु मोठें काम पार पाडण्यास लायक कोण, हा प्रश्न या शहरांत त्याच्या शंभर वर्षें आधींच उभा राहिला होता.

जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजीं येथें सुरू झाली. तिचे व्यवस्थापक बेझनजी मेहता हे रेल्वेच्या मालखात्यांतून आलेले. कापडधंद्याचा त्यांना गंधही नव्हता. यंत्रांची बाजू जेम्स ब्रुक्सबी यांनीं सांभाळली. माणसें, माल आणि वेळ यांचा मेळ मेहतांनीं घातला. मजूर वरचेवर गैरहजर राहत. त्यांना टिकवून धरण्यासाठीं गिरणीनें १८८६ सालीं निवृत्तिवेतनाचा फंड काढला. मेहतांपाशीं दाखला नव्हता; टाटांची पारख होती.

म्हणून प्रमाणपत्र निरर्थक ठरतें काय? नाहीं. असा पारखी प्रत्येकाच्या वाट्यास येत नाहीं. ज्याची कोठें ओळख नाहीं, त्याची साक्ष कागदच देतो. शिवाय ही परीक्षा पदवीधराकडूनही आधीं छत्तीस महिन्यांचा अनुभव मागते. कर्तृत्व पुढें आणि कागद मागून, हा क्रम तिलाही मान्य आहे. तो उलटा झाला, कीं दाखला उरतो आणि काम अडतें.