दारू सुटताना झोपेतला श्वास

‘रात्री दोन पेग घेतल्याशिवाय झोप लागत नाही,’ ही तक्रार व्यसनमुक्तीसाठी येणाऱ्यांकडून डॉक्टरांना नेहमी ऐकावी लागते. दारू बंद केल्यावर पहिले काही आठवडे झोप खरोखरच उडते; त्यामुळे रुग्णालाच नव्हे, तर घरच्यांनाही ती पटू लागते. मात्र काही रुग्णांच्या बाबतीत झोप उडण्यामागे आणखी एक कारण दडलेले असते. झोपेत त्यांचा श्वास वारंवार अडत असतो. वर्षानुवर्षांच्या घोरण्याकडे ‘पिऊन पडला की घोरणारच’ म्हणून दुर्लक्ष झालेले असते आणि दारू सोडविण्याची औषधे सुरू होतात तेव्हा हे घोरणे कोणी डॉक्टरांच्या कानावर घालत नाही. वास्तविक त्या वेळी ती माहिती फार मोलाची असते. पहिल्या आठवड्यात जे औषध जीव वाचविते, तेच पुढे महिनोन्महिने चालू राहिले तर श्वास अडणाऱ्या रुग्णाला घातक ठरू शकते.

दिल्लीच्या ‘एम्स’ने केंद्र सरकारसाठी केलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशात सुमारे १६ कोटी लोक मद्यपान करतात. त्यांपैकी सुमारे ५ कोटी ७० लाख लोकांचे मद्यपान अपायकारक किंवा व्यसनाच्या पातळीवरचे असून त्यांना उपचारांची वा मदतीची गरज आहे. शहरांत सुटलेले पोट, बैठे काम आणि रात्रीचा पेग ही त्रयी सर्रास एकत्र आढळते. तेव्हा हे दोन विकार एकाच घरात, एकाच माणसात भेटणे मुळीच दुर्मिळ नाही.

घोरणे आणि श्वास अडणे

घोरणारा प्रत्येक जण रोगी नसतो. झोपेत घशाचे स्नायू सैलावतात, श्वासमार्ग अरुंद होतो आणि हवेच्या झोताने टाळू व पडजीभ थरथरते. हे झाले साधे घोरणे. काहींच्या बाबतीत हा मार्ग पूर्ण मिटतो. छाती-पोट हलत राहते, पण हवा आत जात नाही. रक्तातील प्राणवायू उतरू लागला की मेंदू धोक्याची घंटा वाजवितो. रुग्ण आचका देऊन, घोगरा आवाज काढून श्वास घेतो आणि पुन्हा झोपी जातो. सकाळी त्याला यातले काहीही आठवत नाही. श्वास किमान १० सेकंद थांबला तर तो एक खंड धरतात. पूर्ण आणि अर्धवट अडथळे मिळून तासाला ५ ते १५ वेळा श्वास अडत असेल तर विकार सौम्य, १५ ते ३० असेल तर मध्यम आणि ३० च्या वर असेल तर तीव्र समजला जातो. यालाच ‘ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्निया’ म्हणतात. सकाळची डोकेदुखी, कोरडी पडलेली जीभ, रात्री लघवीसाठी वारंवार उठणे, दिवसा बसल्याजागी लागणारी डुलकी, आटोक्यात न येणारा रक्तदाब ही त्याची लक्षणे. ती जाड माणसालाच होतात, हा समज बरोबर नाही. जबडा लहान असलेल्या किंवा टॉन्सिल वाढलेल्या सडपातळ व्यक्तीलाही हा विकार होतो.

दारू या विकारात दुहेरी भर घालते. जीभ पुढे धरून ठेवणाऱ्या आणि घसा उघडा राखणाऱ्या स्नायूंचा ताण ती कमी करते; शिवाय श्वास अडल्यावर मेंदूने जागे करण्याची जी यंत्रणा असते, तीही ती मंद करते. म्हणजे श्वास अधिक वेळा अडतो आणि प्रत्येक वेळी अधिक काळ अडून राहतो. दारू सुरुवातीला झोप लवकर आणते हे खरे. पण शरीर ती जाळून संपविते तसा तिचा अंमल उतरतो आणि उत्तररात्री झोपेचे तुकडे पडतात. ज्याला ‘झोपेचे औषध’ म्हटले जाते, ते पहाटे दोन-तीननंतर जागरणाचे कारण झालेले असते.

पहिले काही दिवस

दीर्घकाळ रोज पिणाऱ्याने दारू एकाएकी बंद केली तर सहा ते चोवीस तासांत हातापायांना कंप, घाम, मळमळ, छातीत धडधड आणि अस्वस्थता सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत फिट येण्याचा धोका असतो. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींना भ्रम होतो. रुग्ण नसलेली माणसे, किडे पाहतो, त्याला वेळ-काळाचे भान उरत नाही. ‘डिलिरियम ट्रेमेन्स’ नावाची ही अवस्था जीवघेणी ठरू शकते. म्हणूनच मनाचा निर्धार करून घरच्या घरी, कोणाला न सांगता दारू तोडणे हे शौर्याचे वाटले तरी जोखमीचे आहे.

या काळात क्लोरडायझेपॉक्साइड, डायझेपाम किंवा लोराझेपाम या गटातील औषधे दिली जातात. मेंदूतील ज्या केंद्रांवर दारू काम करते, बऱ्याच अंशी तेथेच ही औषधे काम करतात. त्यामुळे फिट आणि भ्रम टळतो. पण दारूप्रमाणे तीही घशाचे स्नायू सैल करू शकतात, जागे होण्याची यंत्रणा मंदावतात. येथेच घोरण्याची माहिती उपयोगी पडते. श्वास अडतो म्हणून ही औषधे नाकारणे योग्य नाही. कारण उपचार न झालेला भ्रम किंवा फिट अधिक धोकादायक असते. मात्र ज्याचा झोपेत श्वास अडतो, ज्याला दमा वा फुप्फुसांचा जुना विकार आहे, त्याने हे दिवस रुग्णालयात, बोटाला प्राणवायू मोजणारे यंत्र लावून काढावेत. अशा वेळी डॉक्टर अल्पकाळ टिकणारे औषध निवडतात, लक्षणांच्या तीव्रतेनुसार मात्रा ठरवितात आणि सामान्यतः आठवडा-दहा दिवसांत ती उतरवून थांबवितात. यकृत बिघडलेले असेल तर लोराझेपामला पसंती मिळते. कारण लांब पल्ल्याची औषधे अशा शरीरात साठत जातात. सोबत थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व, भरपूर देतात; त्याच्या अभावाने मेंदूला कायमची इजा होऊ शकते.

ज्यांच्याकडे आधीपासून सीपॅप यंत्र आहे, त्यांनी ते दाखल होताना बरोबर न्यावे. अनेकदा ते घरी राहते आणि नेमक्या गुंगीच्या औषधांच्या रात्री रुग्ण त्याविना झोपतो. अपवाद एवढाच, की उलट्या होत असताना किंवा शुद्ध हरपलेली असताना मास्क बांधू नये.

स्वप्नांचा पूर

दारू स्वप्ने पडणारी झोप दाबून ठेवते. दारू सुटली की ही झोप उसळून परत येते; रुग्णाला रात्रभर विचित्र, भीतिदायक स्वप्ने पडतात. अनेक जण तर आपण पुन्हा प्यायलो, असे स्वप्न पाहून दचकून उठतात. या झोपेत शरीराचे बहुतेक स्नायू निसर्गतःच शिथिल असतात, म्हणून श्वास अडण्याचे प्रमाणही याच झोपेत वाढते. परिणामी दारू सोडल्यानंतरचे पहिले काही आठवडे श्वासाचा त्रास कमी होण्याऐवजी वाढल्यासारखा वाटू शकतो. रुग्णाला वाटते, ‘पीत होतो तेव्हाच बरे होते.’ ही समजूत त्याला सर्वांत लवकर ग्लासाकडे परत नेते. झोपेची तक्रार टिकून राहिलेल्या रुग्णांत व्यसन उलटण्याची शक्यता अधिक असते, हे या क्षेत्रातील अभ्यासांतून वारंवार दिसून आले आहे. झोप पूर्ववत होण्यास काहींना आठवडे, तर काहींना अनेक महिने लागतात. एवढी कल्पना आधी दिली तरी निम्मा धीर येतो.

याच टप्प्यावर औषधाच्या दुकानातून अल्प्राझोलामची पट्टी आणली जाते. ओळखीचा दुकानदार देतो, शेजारी सुचवितो, जुनी चिठ्ठी कामी येते. दारूची जागा गोळी घेते, श्वास तसाच अडत राहतो आणि चुकून एखाद्या रात्री गोळी व दारू एकत्र आली तर श्वास कायमचा थांबण्याचा धोका असतो. कोडीनयुक्त खोकल्याचे औषध आणि ट्रॅमाडॉलसारख्या वेदनाशामक गोळ्या यांनाही हाच नियम लागू आहे.

ओढ कमी करणारी औषधे

शरीरातील दारू उतरल्यावर पुढील महिने चालणारी औषधे वेगळी असतात, आणि श्वासाच्या दृष्टीने त्यांच्यात बराच फरक आहे. नाल्ट्रेक्सोन दारूतून मिळणारा आनंद बोथट करते. अमेरिकेत १९९४ साली त्याला दारूच्या व्यसनासाठी मान्यता मिळाली. त्याने श्वास मंदावत नाही; काहींची झोप मात्र चाळवते, तेव्हा डॉक्टरांना विचारून ते सकाळी घ्यावे. अफूवर्गीय वेदनाशामके त्याच्यासोबत लागू पडत नाहीत, म्हणून शस्त्रक्रियेआधी भूलतज्ज्ञांना सांगणे अत्यावश्यक. अकॅम्प्रोसेट यकृतावर भार टाकत नाही, श्वासालाही त्याचा उपद्रव नाही, आणि झोपेची सलगता त्याने काहीशी सुधारते असे छोट्या अभ्यासांत आढळले आहे. दिवसातून तीनदा गोळ्या घेण्याचा कंटाळा आणि मूत्रपिंडाच्या आजारात लागणारी काळजी या त्याच्या अडचणी. ज्याचा श्वास झोपेत अडतो त्याच्यासाठी, इतर काही आडकाठी नसेल तर, ही दोन औषधे अधिक सोयीची ठरतात.

बॅक्लोफेनची गोष्ट निराळी. ऑलिव्हिए अमेसेन या फ्रेंच हृदयरोगतज्ज्ञाने स्वतःचे व्यसन या औषधाने सुटल्याचे २००८ साली पुस्तक लिहून सांगितले आणि फ्रान्समध्ये त्याचा गाजावाजा झाला. २०१८ मध्ये तेथे दिवसाला ८० मिलिग्रॅमच्या मर्यादेत त्याला मान्यताही मिळाली. यकृत निकामी होत आलेल्या रुग्णांना ते देता येते, हा त्याचा मोठा गुण. पण ते गुंगी आणते. शिवाय मोठ्या मात्रेत त्याने मेंदूकडून येणारी श्वासाची आज्ञाच खंडित होऊन होणारा, ‘सेंट्रल’ प्रकारचा ॲप्निया उद्भवल्याची उदाहरणे नोंदली गेली आहेत. येथे घसा मोकळा असूनही श्वास थांबतो. हे औषध चालू असताना घरच्यांना श्वासात लांब खंड जाणवू लागले तर डॉक्टरांना लगेच कळवावे; स्वतःहून ते एकदम बंद करू नये, कारण त्यानेही फिट येऊ शकते. गॅबापेन्टिनबाबतही अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१९ साली, श्वसनाचे विकार असलेल्यांत श्वास मंदावण्याचा इशारा दिला आहे.

डायसल्फिरामचा उपयोग १९४० च्या दशकाच्या अखेरीस डेन्मार्कमध्ये सुरू झाला. हे घेऊन दारू प्यायल्यास चेहरा लाल होतो, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो. ते शेवटच्या पेगनंतर किमान बारा तासांनी, रुग्णाच्या संमतीने आणि हृदयाची तपासणी करूनच सुरू करायचे असते. श्वासाशी त्याचा संबंध आडवळणाने येतो. डायझेपाम आणि क्लोरडायझेपॉक्साइड शरीरातून बाहेर पडण्याचा वेग ते मंदावते, म्हणजे त्या गोळ्यांची गुंगी अपेक्षेपेक्षा लांबते. ‘त्याला न कळत भाजीत मिसळा’ अशा जाहिरातींना भुलून हे औषध चोरून देण्याचा प्रकार आपल्याकडे घडतो. पिणाऱ्याला ठाऊकच नसल्याने तो पीत राहतो आणि प्रसंग जिवावर बेततो. प्रेमापोटी केले तरी हे विष घालण्यासारखेच आहे.

तपासणी आणि यंत्र

झोपेची तपासणी केव्हा करावी, हा प्रश्न नेहमी येतो. रोज पीत असताना केलेली तपासणी विकार फुगवून दाखविते. दारू तोडल्याच्या पहिल्या आठवड्यात झोपच धड नसते. त्यामुळे साधारणतः दारूविना तीन-चार आठवडे गेल्यावर केलेली तपासणी खरे चित्र देते. पण दिवसा गाडी चालविताना डोळा लागत असेल, झोपेत रुग्ण काळानिळा पडत असेल किंवा हृदयविकार असेल तर थांबू नये.

मध्यम व तीव्र विकारावर सीपॅप हा मुख्य उपाय. ऑस्ट्रेलियाचे डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी १९८१ मध्ये तो प्रथम मांडला. नाकावरच्या मास्कमधून सौम्य दाबाची हवा देऊन घसा उघडा ठेवायचा, एवढे साधे त्याचे तत्त्व. नव्याने दारू सोडलेल्या, आधीच बेचैन असलेल्या माणसाला मास्कने गुदमरल्यासारखे होते. अशा वेळी दिवसा टीव्ही पाहताना अर्धा-पाऊण तास तो लावून बसण्याचा सराव करावा. नाक चोंदत असेल तर मिठाच्या पाण्याने ते मोकळे करावे. सौम्य विकारात कुशीवर झोपणे, पलंगाची डोक्याकडची बाजू उंच करणे, वजन उतरविणे आणि दंतवैद्याकडून जबडा पुढे धरणारे साधन करून घेणे उपयोगी पडते. दारू सोडल्यावर चहा आणि सिगारेट वाढते, हा सार्वत्रिक अनुभव आहे. संध्याकाळनंतरचा चहा झोप पळवितो आणि धूर घशाला सूज आणतो, तेव्हा या दोहोंना वेळीच आवर हवा. राहिलेल्या निद्रानाशासाठी गोळीपेक्षा समुपदेशकाकडून झोपेच्या सवयी पद्धतशीरपणे बदलणे अधिक टिकाऊ ठरते.

घरच्या माणसांचे काम साक्षीदाराचे आहे. रुग्णाला स्वतःचा श्वास अडलेला कळत नाही. शेजारी झोपणाऱ्या पत्नीला, आईला तो कळतो. मोबाइलवर दोन-तीन मिनिटांचे घोरणे टिपून ते पहिल्या भेटीतच डॉक्टरांना ऐकवावे. पुण्यातील ‘मुक्तांगण’सारखी १९८६ पासून काम करणारी केंद्रे कुटुंबीयांना उपचारांत सामील करून घेतात, तो याही कारणाने योग्य मार्ग आहे. आपल्या भागात कोठे जावे हे कळत नसेल तर व्यसनमुक्तीसाठीच्या १४४४६ या राष्ट्रीय मदतवाहिनीवर किंवा मानसिक आरोग्यासाठीच्या टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर विचारता येते.

मध्येच एखाद्या रात्री रुग्ण पुन्हा प्यायला, तर भांडणे सकाळवर ठेवून त्याला कुशीवर झोपवावे, रात्रीची गुंगीची गोळी मात्र देऊ नये. हाका मारूनही तो जागा होत नसेल किंवा श्वास संथ, तुटक येत असेल तर तडक रुग्णालय गाठावे. आणि काही महिने दारूविना गेले, वजन बदलले, की सीपॅपचा दाब पुन्हा तपासून घ्यावा. पीत असतानाच्या दिवसांत ठरविलेला दाब अनेकदा आता तेवढा लागत नाही.