'एस्चीट': बेवारस आणि खालसा

एचएसआर लेआउटमधील आमच्या इमारतीत मूळचे साताऱ्याचे एक वृद्ध गृहस्थ राहतात. त्यांच्या दिवंगत आईची बँकेतील ठेव दहा वर्षांहून अधिक काळ पडून होती. ती रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत वर्ग झाल्याचे कळताच ते उद्वेगाने म्हणाले, "आमचे राज्य खालसा केले, आता आईचे पैसेही!" त्या निमित्ताने मला 'एस्चीट' हे विरळा इंग्रजी क्रियापद आठवले.

वारसाअभावी मालमत्ता राजाकडे जाणे, हा त्याचा अर्थ. मूळ लॅटिन धातूचा भाव 'गळून पडणे' असा आहे. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये अशा मालमत्तेचा शोध घेणारे 'एस्चीटर' नावाचे अधिकारी असत. त्यांची अपकीर्ती एवढी, की फसवणुकीचा वाचक 'चीट' हा शब्द याच शब्दापासून निघाला.

आपल्याकडे कंपनी सरकारने राज्यांच्या बाबतीत 'लॅप्स' हा भावंडशब्द वापरला. 1824 मध्ये कित्तूरच्या देसायांच्या निधनानंतर धारवाडचे कलेक्टर थॅकरे यांनी दत्तकविधान मानले नाही. त्यातून राणी चेन्नम्मांचा लढा उभा राहिला व थॅकरे स्वतः मारले गेले. 1848 मध्ये साताऱ्याचे छत्रपती शहाजी ऊर्फ आप्पासाहेब यांनी मृत्युशय्येवर दत्तक घेतला होता. डलहौसीने तो राज्याचा वारस म्हणून नाकारला. दोन्ही ठिकाणी वारस होता, मान्यता तेवढी नव्हती. मालमत्ता बेवारस आहे, हे घेणाऱ्यानेच ठरवायचे, ही या व्यवहारातील खरी मेख होय.

आपल्या राज्यघटनेच्या अनुच्छेद 296 मध्ये हे दोन्ही शब्द शेजारी शेजारी आले आहेत. मात्र हिंदू उत्तराधिकार अधिनियम, 1956 च्या कलम 29 नुसार कोणीही वारस नसेल तरच मालमत्ता सरकारकडे येते, आणि तीही वारसावर पडल्या असत्या त्या सर्व दायित्वांसह. म्हणजे सरकारला केवळ धन मिळत नाही, ऋणही मिळते.

ठेवींची गोष्ट तर याहून निराळी. 2014 च्या योजनेनुसार दहा वर्षे दावा न झालेली ठेव रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण व जागरूकता निधीत जाते. परंतु हक्क बुडत नाही. वारसाने आपल्या बँकेकडेच अर्ज करावयाचा असतो, बँक पैसे देऊन निधीतून परतफेड मागते.

हे ऐकून गृहस्थ क्षणभर थांबले व म्हणाले, "म्हणजे या खेपेस दत्तक नामंजूर नाही तर!" त्यांचा अर्ज आम्ही दोघांनी मिळून लिहिला. असो.