ऊगो सांचेस : घरीं आणि परमुलखांत



१९९० सालच्या जून महिन्यांत इटलींत फुटबॉलची विश्वचषक-स्पर्धा सुरू झाली. नुकत्याच संपलेल्या हंगामांत युरोपांतील साखळी सामन्यांत सर्वाधिक गोल करणारे खेळाडू दोन होते. दोघांचेहि गोल ३८. एक बल्गेरियाचा ख्रिस्तो स्टॉइचकॉव्ह व दुसरा मेक्सिकोचा ऊगो सांचेस. युरोपचा सोन्याचा बूट त्या वर्षीं दोघांत विभागून देण्यांत आला. परंतु इटलींत मात्र दोघांपैकीं एकहि नव्हता. बल्गेरियाचा संघ पात्रतेच्या फेरींतच गळला होता. खेळांत असें चालावयाचेंच. मेक्सिकोला मात्र पात्रतेचे सामने खेळण्याचीच मनाई होती. ही मनाई कशी ओढवली तें ओघानें येईलच. परमुलखांत पराक्रमाच्या शिखरावर असलेल्या या माणसाला त्याच वेळीं स्वदेशाचा संघच उरला नव्हता, एवढें प्रथम ध्यानांत घ्यावें.

ऊगोचा जन्म ११ जुलै १९५८ चा, मेक्सिको शहरांतला. वडील स्वतः फुटबॉल खेळलेले, बहीण व्यायामपटू. गोल केल्यावर हवेंत कोलांटउडी घेण्याची त्याची जी संवय पुढें जगाला ठाऊक झाली, ती बहिणीपासून उचललेली आणि तिच्याच सन्मानार्थ ठेवलेली. तेथील राष्ट्रीय विद्यापीठाचा स्वतःचा असा एक व्यावसायिक संघ आहे. त्याचें नांव पूमास. १९७६ सालीं माँट्रिअलच्या ऑलिंपिक सामन्यांत मेक्सिकोतर्फे खेळून आलेला हा अठरा वर्षांचा मुलगा त्याच वर्षीं पूमासमध्यें दाखल झाला; आणि खेळतां खेळतां त्याच विद्यापीठांत दंतवैद्यकाचा अभ्यास करून त्यानें पदवीहि मिळविली. घरांतील वडीलधाऱ्यांना त्याच्या साऱ्या चरित्रांत हीच गोष्ट कदाचित् अधिक भावेल!

पूमासमध्यें त्यानें दोनदां राष्ट्रीय अजिंक्यपद पाहिलें, १९७७ व १९८१ सालीं. १९७८-७९ च्या हंगामांत त्यानें २६ गोल केले व यादींतील अग्रस्थान आपल्याच संघांतील काबिन्यो या ब्राझिली खेळाडूबरोबर वांटून घेतलें. उन्हाळ्याच्या दिवसांत तो उत्तरेकडे अमेरिकेंतील सॅन डिएगो येथें जाऊन खेळून येई. परंतु युरोप ही गोष्ट निराळी होती. ब्राझील व अर्जेंटिना येथील खेळाडूंची युरोपला ओळख होती. मेक्सिकोच्या खेळाडूवर पैसा लावावयास तेथील संघ सहसा धजत नसत. १९८१ सालीं आतलेतिको माद्रिद या संघानें त्याला नेलें तें अशा वातावरणांत.

पहिलें वर्ष कठीण गेलें. साखळींत अवघे ८ गोल. शिवाय प्रेक्षक त्याला 'इंडिओ' म्हणून हिणवीत. या शब्दाची मौज अशी कीं, कोलंबस अमेरिकेच्या किनाऱ्यास लागला तेव्हां आपण हिंदुस्थानाकडेच आलों असें त्याला वाटलें, आणि तेथील मूळ रहिवाशांस त्यानें आपल्या देशाचें नांव देऊन टाकलें. पांचशें वर्षांनीं तेंच नांव माद्रिदच्या मैदानावर शिवी म्हणून वापरलें जात होतें. ऊगोनें उत्तर दिलें तें आपल्या पद्धतीनें. हा मनुष्य स्वभावानें नम्र नव्हे. आपल्या गुणांची त्याला पुरेपूर जाणीव होती व ती तो लपवीतहि नसे. पुढील वर्षीं १५ गोल झाले. १९८४-८५ मध्यें १९ गोल करून त्यानें स्पेनच्या साखळींतील सर्वाधिक गोलांचा मान, ज्याला तेथें 'पिचिची' म्हणतात तो, प्रथम मिळविला. त्याच वर्षीं राजाच्या चषकाच्या अंतिम सामन्यांत बिल्बाओच्या संघावर २-१ असा विजय मिळाला. ते दोन्ही गोल ऊगोचे.

आणि त्यानंतर कांहीं आठवड्यांतच तो प्रतिस्पर्धी रेआल माद्रिदमध्यें गेला. एकाच शहरांतील दोन संघांचें वैर केवढें असतें तें आपणांस कलकत्त्याच्या मोहन बगान व ईस्ट बेंगाल यांवरून कल्पितां येईल. आतलेतिकोच्या चाहत्यांचा संताप टळावा म्हणून हा व्यवहार सरळ न करतां कागदोपत्रीं पूमासच्या वाटेनें करण्यांत आला. मेक्सिकोला परत, आणि तेथून पुन्हां माद्रिदला! कोणी फसलें असेल असें वाटत नाहीं.

रेआल माद्रिदनें १९८६ पासून १९९० पर्यंत ओळीनें पांच वेळां स्पेनचें अजिंक्यपद जिंकलें. त्यांतील चार हंगामांत 'पिचिची'चा मान ऊगोकडे होता : २२, ३४, २९, व शेवटीं ३८ गोल. हा ३८ चा आंकडा १९५०-५१ सालीं बिल्बाओच्या तेल्मो सार्रानें गांठला होता. त्याची बरोबरी करावयास जवळजवळ चाळीस वर्षें लागलीं.

परंतु आंकड्यांपेक्षांहि ते गोल कसे झाले हें अधिक मनोरंजक आहे. त्या हंगामांतील ३८ पैकीं प्रत्येक गोल एका स्पर्शाचा आहे. म्हणजे चेंडू आला, त्याला थांबविलें, पायाखालीं घेतलें, एखाद्याला हुलकावणी दिली आणि मग मारला, असा त्यांत एकहि नाहीं. चेंडू जेथें येणार तेथें हा आधींच उभा. आला कीं त्याच क्षणीं पायाचा किंवा डोक्याचा एक आघात. बचाव करणाऱ्याला सावध होण्यास वेळ मिळावयाचा तो दुसऱ्या स्पर्शाच्या तयारींत. येथें दुसरा स्पर्शच नाहीं! १० एप्रिल १९८८ रोजीं लोग्रोन्येसच्या संघाविरुद्ध मार्तिन वास्केसनें डावीकडून चेंडू उंच फेंकला. ऊगो गोलाकडे पाठ करून हवेंत उडाला, अंग आडवें झालें, आणि डोक्यापेक्षांहि उंच गेलेल्या डाव्या पायानें त्यानें चेंडू जाळ्याच्या कोपऱ्यांत धाडला. प्रेक्षकांनीं पांढरे रुमाल काढून फडकविले. बैलांच्या झुंजींत योद्ध्याला मान द्यावयाचा तेव्हां स्पेनमध्यें तसे रुमाल फडकवितात.

आतां घरचा हिशेब पाहूं. ऊगो तीन विश्वचषकांत मिळून आठ सामने खेळला आणि त्यांत त्याचा गोल एक. १९७८ सालीं अर्जेंटिनांत मेक्सिको तिन्ही सामने हरला. तेव्हां तो वीस वर्षांचाहि नव्हता. १९८२ सालीं मेक्सिको पात्रच ठरला नाहीं. १९८६ सालीं स्पर्धा मेक्सिकोंतच होती. यजमानांस पात्रतेचे सामने नव्हते, म्हणून बाकीचा संघ पुष्कळ काळ एकत्र सराव करीत होता. ऊगो मात्र मे महिन्याच्या आरंभापर्यंत रेआल माद्रिदबरोबर युरोपांतील दुसऱ्या एका चषकाच्या अंतिम फेरींत गुंतलेला. बेल्जमविरुद्ध त्यानें तो एक गोल केला. पुढचा सामना पॅराग्वेशीं, ७ जून रोजीं. १-१ अशी बरोबरी असतांना अगदीं अखेरच्या क्षणीं मेक्सिकोला पेनल्टी मिळाली. ॲझ्टेक मैदानावर लाखावर माणूस. चेंडू ठेवला कोणीं? अर्थात् ऊगोनें. पॅराग्वेच्या गोलरक्षकानें तो अडविला. दोन ताकिदींमुळें तिसऱ्या सामन्यास तो मुकला. आणि उपांत्यपूर्व फेरींत पश्चिम जर्मनीशीं गोलशून्य बरोबरीनंतर पेनल्टींवर मेक्सिको हरला.

'माद्रिदसाठीं खेळतो, आमच्यासाठीं नाहीं,' हा आरोप तेव्हांपासून त्याला चिकटला. मला तो न्याय्य वाटत नाहीं. एका स्पर्शाचा खेळाडू हा इतरांवर फार अवलंबून असतो. माद्रिदला मीचेल उजवीकडून, मार्तिन वास्केस दुसऱ्या बाजूनें, आठवड्यामागून आठवडा त्याच्या पायाचा अंदाज घेऊन चेंडू पुरवीत. घरचा संघ त्याच्यावांचून बांधला गेला होता, आणि त्यांत तो महिनाभर आधीं येऊन बसला. पेनल्टी चुकली ती मात्र त्याचीच. तेथें दुसऱ्या कोणावर बोट दाखवितां येत नाहीं.

आणि मग ती मनाई. १९८८ सालीं तरुणांच्या जागतिक स्पर्धेसाठीं ग्वाटेमालांत पात्रतेचे सामने झाले. मेक्सिकोनें त्यांत वयाची मर्यादा ओलांडलेले चार खेळाडू खोट्या जन्मतारखा दाखवून उतरविले. लबाडी उघडी पडली ती मेक्सिकोच्याच एका पत्रकारामुळें. आणि पुरावा कोठला, तर संघटनेनें स्वतः छापलेल्या वार्षिकांतल्या तारखांचा! जागतिक संघटनेनें मेक्सिकोच्या सर्व राष्ट्रीय संघांस दोन वर्षें बंदी घातली. सोलचें ऑलिंपिक गेलें, इटलीचा विश्वचषक गेला. वय चोरलें तें चार पोरांचें. पण त्यांत वयाच्या तिशींत, ऐन भरांत असलेल्या ऊगोचीं दोन वर्षें गेलीं. कार्यालयांत बसून खेळ चालविणाऱ्यांच्या अपराधाची शिक्षा मैदानावरच्या माणसाला होते, याचें याहून धडधडीत उदाहरण मला ठाऊक नाहीं.

१९९४ सालीं मेक्सिको अमेरिकेंतील विश्वचषकास पात्र ठरला. ५ जुलै रोजीं न्यू जर्सींत बल्गेरियाशीं गांठ पडली आणि समोर तोच स्टॉइचकॉव्ह. छत्तिसावें वर्ष सहा दिवसांनीं पुरें होणारा ऊगो राखीव खेळाडूंत बसलेला. १-१ अशी बरोबरी, जादा वेळ, मध्यंतरीं गोलाची चौकटच मोडल्यामुळें नवी आणून उभी करावी लागली. एवढें सारें झालें तरी प्रशिक्षक मेहीआ बारोन यांनीं त्याला बोलाविलें नाहीं. पेनल्टींवर मेक्सिको ३-१ असा हरला. तो कां बसून राहिला याचा वाद मेक्सिकोंत आजतागायत मिटलेला नाहीं.

पुढें अटलांटे, ऑस्ट्रियांतील लिंट्स, डॅलस असें फिरत १९९७ सालीं त्यानें सेलाया या लहान गांवच्या संघांत बूट उतरविले. तेथें त्याचे माद्रिदचे जुने सोबती बुत्रागेन्यो व मीचेल हेहि आलेले होते. प्रशिक्षक झाल्यावर त्यानें पूमासला २००४ या एकाच वर्षांत ओळीनें दोन अजिंक्यपदें मिळवून दिलीं. मग २००६ सालीं, ज्या जागेवर त्यानें कित्येक वर्षें उघड हक्क सांगितला होता ती राष्ट्रीय प्रशिक्षकाची जागा त्याला मिळाली. दुसऱ्याच वर्षीं दक्षिण अमेरिकेच्या स्पर्धेंत ब्राझीलवर २-० असा विजय व तिसरें स्थान, ही त्या कारकीर्दीची चांगली बाजू.

मार्च २००८ मध्यें बीजिंग ऑलिंपिकच्या पात्रतेसाठीं तरुण संघ मैदानांत उतरला. कॅनडाशीं बरोबरी, ग्वाटेमालाकडून पराभव. शेवटच्या सामन्यांत हैतीवर पांच गोलांच्या फरकानें विजय हवा होता. मेक्सिकोनें समोर आलेल्या कितीतरी संधी वायां घालविल्या आणि सामना ५-१ असा जिंकला. कमी पडला तो एक गोल. त्याच महिन्याच्या ३१ तारखेस ऊगो सांचेसला पदावरून दूर करण्यांत आलें.