मथळ्याने दावा करावा

१६ जानेवारी २००३ रोजी नासाच्या कोलंबिया या अंतराळयानाचे उड्डाण झाले. सुमारे ८२ सेकंदांनी बाह्य इंधनटाकीवरच्या फोमचा तुकडा सुटून डाव्या पंखावर आदळला. यान कक्षेत असतानाच बोइंगच्या अभियंत्यांनी नुकसानीचा अंदाज नासापुढे स्लाइडवर मांडला. त्यातल्या एका स्लाइडची माहितीच्या दृश्य मांडणीचे अभ्यासक एडवर्ड टफ्टी यांनी पुढे ओळ न् ओळ तपासली. परतीच्या वाटेवर यान नष्ट झाल्यावर नेमलेल्या चौकशी मंडळाच्या अहवालातही ती चिकित्सा आली.

मथळा धीर देणारा: चाचण्यांची आकडेवारी पाहता यानाची उष्णतारोधक टाइल भेदली जाण्याचा अंदाज सावध बाजूचाच आहे. खाली मुद्दे, पोटमुद्दे, त्यांचेही पोटमुद्दे. अगदी तळाशी, बारीक अक्षरांत, चाचणीतला तुकडा ३ घन इंच, आदळलेला १,९२० घन इंच. म्हणजे ६४० पट! ज्या आकडेवारीवर मथळा उभा, ती इथे लागूच पडत नाही, हे सांगणारा आकडा सर्वांत खाली, आणि भागाकार बघणाऱ्यावर सोडलेला.

टफ्टी पॉवरपॉइंटला धारेवर धरतात. मला ते अर्धेच पटते. सॉफ्टवेअर मुद्द्यांची उतरंड आयती देते खरे, पण कोणता आकडा वर न्यायचा हे माणूसच ठरवतो. उतरंडीचा खरा तोटा वेगळा आहे. तिच्यात ‘म्हणून’, ‘परंतु’, ‘तरच’ हे शब्द गळून पडतात, आणि शास्त्रीय युक्तिवाद तर त्यांच्यावरच चालतो.

तांत्रिक सादरीकरणाचे अभ्यासक मायकेल अ‍ॅली यांनी पुरस्कारलेली पद्धत इथे उपयोगी पडते: मथळा म्हणजे पूर्ण वाक्यातला दावा आणि खाली त्याचा दृश्य पुरावा. ‘तापमान व कठिणता’ हा नुसता विषय झाला. ‘४०० अंशांपुढे या मिश्रधातूची कठिणता निम्म्यावर येते’ असे लिहिले, की खाली कोणता आलेख हवा आणि कोणते तीन आलेख काढून टाकायचे, ते आपोआप ठरते. कोलंबियाच्या स्लाइडचा मथळा ‘आदळलेला तुकडा चाचणीतल्या तुकड्याच्या ६४० पट मोठा आहे’ असा असता, तर निदान चर्चा तिथून सुरू झाली असती.

मग तपशिलाचे काय? तो लेखी अहवालात द्यावा. तांत्रिक अहवालाऐवजी स्लाइडवर भागवण्याच्या नासातल्या सवयीवर चौकशी मंडळानेही बोट ठेवले होते.

पुढच्या सेमिनारआधी आपल्या स्लाइडचे मथळे तेवढे एका कागदावर उतरवून सहकाऱ्याला वाचायला द्या. त्याला तुमचा युक्तिवाद सांगता आला नाही, तर रंग आणि फाँट बदलत बसू नका. मथळे पुन्हा लिहा.