फुकुओकातील याकुझा : कोळसा, बंदर आणि मुकादमी

जपानमधील संघटित गुन्हेगार टोळ्यांचा, म्हणजेच याकुझांचा, विचार करताना अभ्यासकांचे लक्ष बहुधा कोबे येथील यामागुची-गुमी या टोळीवर खिळते. तथापि १९९२ साली अमलात आलेल्या टोळीविरोधी कायद्याखाली निर्देशित झालेल्या टोळ्यांपैकी पाच टोळ्यांची मुख्यालये एकट्या फुकुओका प्रांतात आहेत. इतकी संख्या देशातील अन्य कोणत्याही प्रांतात नाही. असे का व्हावे, याचा शोध प्रस्तुत लेखात घेतला आहे.

यासंबंधी नेहमी दिले जाणारे उत्तर स्वभावाचे आहे. ओंगा नदीकाठची माणसे मुळातच रांगडी, असे म्हटले जाते. प्रस्तुत लेखकास हे स्पष्टीकरण अपुरे वाटते. चिकुहोच्या खाणींतील कोळसा याच नदीतून सपाट बुडाच्या नावांनी आणि १८९१ पासून रेल्वेने वाकामात्सु बंदरात येई. तेथे तो जहाजांत भरणारे मजूर मुकादमांच्या हाताखाली असत. मजूर जमवणे, त्यांना धाकात ठेवणे, प्रतिस्पर्धी मुकादमाला बंदरातून हुसकावणे ही कामे एकाच माणसाकडे असल्यावर मुकादम आणि टोळीप्रमुख यांत भेद तो काय राहणार? योशिदा इसोकिची हा या परिसरातील असाच एक बलाढ्य पुरुष १९१५ मध्ये संसदेवर निवडून गेला. (कोबेच्या बंदर-कामगारांतून यामागुची-गुमी उभी राहिली तीही त्याच वर्षी.) हिनो आशिहेई या कादंबरीकाराचे वडीलही वाकामात्सुतील मुकादम होते. 'हाना तो र्‍यू' या त्यांच्या कादंबरीत ते जग आले आहे.

उद्योगांना या दंडशक्तीचा उपयोग होता, ही बाब दुर्लक्षिली जाते. १९६० च्या मिइके खाण-संपात संपकऱ्यांवर चालून आलेल्या टोळीतील एकाने एका कामगारास भोसकून ठार केले. पुढे कोळसा संपला, तरी खंडणीची रीत संपली नाही. ती बांधकामाच्या ठेक्यांकडे व मद्यगृहांकडे वळली.

२०१० साली फुकुओका प्रांताने टोळ्यांशी व्यवहार करण्यास प्रतिबंध करणारा नियम लागू केला. ऑक्टोबर २०११ पर्यंत सर्व ४७ प्रांतांत तसे नियम झाले. यात टोळीला नकार देण्याचा भार मात्र व्यावसायिकांवर आला. ऑगस्ट २०१२ पासून कीताक्यूशूतील मद्यगृहांनी टोळीच्या सदस्यांना प्रवेशबंदी करणारे फलक लावले. त्यानंतर आगी लागल्या, फलक लावणाऱ्यांवर चाकूहल्ले झाले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात तेथील कुदो-काई ही 'विशेष धोकादायक' ठरवली गेलेली देशातील पहिली टोळी झाली.

तिच्या प्रमुखास २०२१ मध्ये जिल्हा न्यायालयाने फाशी सुनावली. आरोपांपैकी एक मासेमारी सहकारी संस्थेच्या माजी प्रमुखाच्या १९९८ मधील हत्येचा होता, आणि अभियोगाच्या मते त्यामागे बंदराच्या बांधकामातील हितसंबंध होते. २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्या हत्येच्या आरोपातून त्यास मुक्त करून शिक्षा जन्मठेपेवर आणली. मुख्यालयाची इमारत तत्पूर्वीच, २०२० पर्यंत, पाडण्यात आली होती.