घर शाकारायचं, पण बांबू कुणाचा? तळोद्याच्या घरांचा इतिहास

(हा आपल्या ऑडिओ भागाचा लिखित मजकूर. वाचायला सोपा जावा म्हणून थोडा नीटनेटका केलाय, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

आजच्या भागात राजा नाही, लढाई नाही, किल्लाही नाही. आज विषय आहे साधं घर. कुडाच्या भिंती, सागाचे खांब, वर कौलं, बाजूला गोठा, मागे परसात चार वेल. आणि जागा आहे तळोदा. नंदुरबार जिल्हा, सातपुड्याचा पायथा. एका बाजूला तापीकाठची सपाट, सुपीक जमीन आणि दुसऱ्या बाजूला डोंगर. डोंगर ओलांडून पलीकडे उतरलं की नर्मदा.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. या क्षेत्रातल्या कुणालाही विचारा, नवीन काही बनवणं हे त्यातल्या त्यात सोपं काम. खरा वेळ जातो तो बनवलेलं चालू ठेवण्यात. घराचंही तसंच असतं. पण घरांचा इतिहास आपण वाचतो तेव्हा कुणी बांधलं, कधी बांधलं, एवढंच वाचतो. दरवर्षी त्याची डागडुजी कोण करत होतं आणि त्यासाठी लागणारं सामान कुठून येत होतं, हे कुणी सांगत नाही. तळोद्याच्या बाबतीत मात्र हाच प्रश्न विचारला की दीडशे वर्षांचा इतिहास उलगडत जातो. म्हणून आज तोच विचारूया.

घर चालू कसं राहतं?

आधी डोंगरातलं घर समजून घेऊ. सातपुड्यातल्या भिल्ल आणि पावरा पाड्यांमध्ये घरं एकमेकांना चिकटून नसतात. ज्याचं शेत त्याच्या शेतात घर. जमिनीत पुरलेल्या सागाच्या मेढी, त्यांवर आढं, आढ्यावरून उतरणारे वासे. भिंत म्हणजे बांबू चिरून विणलेला कुड आणि त्यावर माती-शेणाचं लिंपण. छतावर कुणाकडे गवत, कुणाकडे नळीची कौलं. गुरं-शेळ्या बऱ्याचदा त्याच छपराखाली.

आता या घराला वर्षभर काय काय लागतं बघा. पावसाळ्याआधी शाकारणी. म्हणजे छपरावर चढून फुटलेली, सरकलेली कौलं बदलायची, गवत असेल तर नवीन घालायचं. उंदीर, मांजर, माकड, वारा यातलं कुणीही कौल सरकवू शकतं, आणि एक कौल सरकलं की खालचा वासा कुजायला लागतो. पावसाळा संपला की भिंतींचं लिंपण, कारण पावसाच्या माऱ्याने खालची माती धुऊन गेलेली असते. जमिनीचं सारवण तर वर्षभर चालूच. लिंपण आणि सारवण हे बहुतेक बायकांचं काम. कोणती माती चिकट, कोणती तडकते, तिच्यात शेण किती आणि भुसा किती घालायचा, हे सगळं ज्ञान त्यांच्या हातात असतं.

बांबू तोडायलाही वेळकाळ असतो. पावसाळ्यात नवे कोंब वाढत असतात, तेव्हा बेटाला हात लावायचा नाही. पावसाळा सरला की तोडायचा. यामागे शुद्ध विज्ञान आहे. तोडलेल्या बांबूत पिष्ट, म्हणजे स्टार्च, जास्त असेल तर भुंगा तो पोखरतो. कोंब वाढून झाल्यावर, थंडीच्या दिवसांत, बांबूत हे पिष्ट कमी असतं. सागाचंही तसंच. सागाच्या गाभ्यात टेक्टोक्विनोन नावाचा पदार्थ असतो, त्यामुळे वाळवी त्याच्या वाटेला सहसा जात नाही. म्हणूनच सागाची मेढ एका घरातून काढून दुसऱ्या घरात लावता येते. भाऊ वेगळे झाले, नवीन घर उभं करायचं ठरलं, तरी जुनं लाकूड वाया जात नाही.

आणि मजुरी? ती नसतेच. सातपुड्यात ‘लाह’ नावाची पद्धत आहे. माझं घर उभं करायला अख्खा पाडा येतो. मी सगळ्यांना जेवू घालतो आणि उद्या तुझ्या कामाला मी येतो. पैशांचा हिशेब नाही, पण हिशेब पक्का असतो बरं का! कोण आलं आणि कोण आलं नाही, हे सगळ्यांच्या लक्षात राहतं.

थोडक्यात, हे घर तीन गोष्टींवर चालतं: जवळचं जंगल, जवळची माती आणि जवळची माणसं. यातली एक जरी तुटली तरी घर गळायला लागतं.

सागाचा बाजार

पहिली तुटली ती जंगलाची दोरी. १८१८ मध्ये खानदेश इंग्रजांच्या ताब्यात गेला. डोंगरातल्या भिल्लांशी त्यांचा बराच काळ झगडा चालला. १८२५ मध्ये जेम्स औट्रामने खानदेशात भिल्ल पलटण उभी केली, ती याच काळातली. पुढे रेल्वे आली, शहरं वाढली आणि लाकडाला भाव आला. त्या काळातल्या इंग्रजी गॅझेटियरमध्ये तळोद्याची ओळख काय दिलीय माहितीये? खानदेशातली लाकडाची मोठी बाजारपेठ! सोबत रोशा गवताच्या तेलाचा व्यापार. आणि खानदेशातल्या सगळ्यात चांगल्या लाकडी बैलगाड्या तळोद्यात बनतात, अशी नोंद.

म्हणजे जे लाकूड डोंगरातल्या माणसासाठी मेढ आणि आढं होतं, ते तळोद्याच्या बाजारात माल झालं. मग १८७८ चा वन कायदा आला आणि जंगलांचे मोठमोठे पट्टे राखीव झाले. १९२७ च्या वन कायद्याने हीच चौकट पक्की केली आणि तो कायदा आजही लागू आहे. जंगल तिथेच होतं, घरही तिथेच होतं. फक्त घरासाठी दोन वासे आणायचे तर आता परवानगी लागणार होती, नाहीतर तो गुन्हा. व्यापाऱ्याचा लाकडाचा गाडा कागद दाखवून रस्त्याने जायचा आणि घरासाठी डोक्यावर बांबू आणणारा माणूस गार्डला बघून लपायचा. तळोद्यात आजही मेवासी वनविभागाचं मुख्यालय आहे. त्यातलं ‘मेवासी’ हे नाव या भागातल्या जुन्या मेवासी संस्थानांवरून आलंय. राज्य गेलं, नाव वनखात्याच्या पाटीवर राहिलं.

साठ बाय नव्वद

आता डोंगर ओलांडून नर्मदेच्या काठावर जाऊ. सरदार सरोवर धरणामुळे महाराष्ट्रातली ३३ गावं बाधित झाली. सगळी अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतली, म्हणजे आजच्या नंदुरबार जिल्ह्यातली. (हा जिल्हा १ जुलै १९९८ ला धुळ्यातून वेगळा झाला, त्यामुळे जुन्या कागदांत ‘धुळे’ दिसेल.) डिसेंबर १९७९ मध्ये नर्मदा पाणी तंटा लवादाचा अंतिम निवाडा आला. विस्थापितांना काय मिळणार, हे त्यात यादीसारखं लिहिलेलं आहे.

जमीन गमावणाऱ्या कुटुंबाला किमान २ हेक्टर शेती. घरासाठी ६० बाय ९० फुटांचा प्लॉट. म्हणजे ५,४०० चौरस फूट, साधारण पाच गुंठे. पुनर्वसन अनुदान कुटुंबामागे ७५० रुपये, आणि त्यातच सामान वाहून नेण्याचा खर्च! दर १०० कुटुंबांमागे एक प्राथमिक शाळा. दर ५० कुटुंबांमागे पिण्याच्या पाण्याची एक विहीर आणि गुरांसाठी हाळ. आणि दर ५० कुटुंबांमागे झाडाचा एक पार.

या शेवटच्या ओळीवर मी बराच वेळ थांबलो. लवादासारख्या रुक्ष दस्तऐवजात कुणालातरी गावाचा पार आठवला, हे चांगलंच आहे. पण पार सिमेंटमध्ये महिनाभरात बांधता येतो, झाडाला वीस वर्षं लागतात. यादीत पार होता. जुन्या गावातला मोह, आंबा, बांबूचं बेट कुठल्या रकान्यात लिहायचं?

जमीन कुठून आणायची हा मोठा प्रश्न होता. उत्तर तळोद्याच्या जंगलात शोधलं गेलं. १९९० मध्ये केंद्र सरकारने इथली २,७०० हेक्टर वनजमीन पुनर्वसनासाठी द्यायला परवानगी दिली. पुढे आणखी १,५०० हेक्टरची भर पडली. जंगल तोडून शेतं आणि प्लॉट आखले गेले. त्या जमिनीवर आधीपासून कसणारे आदिवासीही होते, त्यामुळे एकाचं पुनर्वसन हा दुसऱ्याच्या पोटावर पाय ठरला आणि त्यावरून संघर्षही झाला. सोमावल, रेवानगर, नर्मदानगर ही वसाहतींची नावं आज या भागात गावांसारखीच रुळली आहेत. रेवा म्हणजे नर्मदाच. नदी मागे राहिली, नाव सोबत आलं.

घर उचलून आणलं

विस्थापित कुटुंबांनी घराचं सामानही सोबत आणलं. मेढी उपटल्या, आढी उतरवली, दारं काढली, कौलं एकेक करून रचली आणि नवीन प्लॉटवर तीच घरं पुन्हा उभी केली. आमच्या भाषेत सांगायचं तर ही घरं मुळातच ‘मॉड्युलर’ होती. सिमेंटचं घर असं हलवता येत नाही. ते पाडावं लागतं आणि उरतो तो मलबा. डोंगरातलं घर मात्र सुटं होतं आणि पुन्हा जुळतं.

पण जुळताना काही गोष्टी जुळत नाहीत. डोंगरातल्या मुरमात पुरलेली मेढ घट्ट बसते. सपाटीवर जिथे काळी माती आहे तिथे ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि घर दरवर्षी थोडं हलतं. खानदेशातल्या जुन्या शेतकऱ्यांना हे माहीत असतं, म्हणून ते आधी मुरूम भरून जोतं उचलतात. शेतात एकटं असलेलं घर आता ओळीत आलं. शेजारी दुसऱ्याच गावचा असू शकतो, मग लाह कुणासोबत करायची, हा प्रश्न. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पुढच्या वर्षी कुड बदलायचा झाला तर बांबू कुठून आणायचा? जवळचं जंगल तर प्लॉट पाडताना तोडलेलं. म्हणजे पहिल्यांदाच घराच्या डागडुजीसाठी खिशात पैसे असायला लागले. नळीच्या कौलांच्या जागी पत्रा येतो तो इथून. पत्र्याला शाकारणी लागत नाही, हे त्याचं मोठं सुख. पण मे महिन्यात पत्र्याखाली दुपार काढून बघा, मग कौलांची किंमत कळते.

सगळेच खाली आले नाहीत. मणिबेलीसारख्या गावांत काही कुटुंबं आंदोलनासोबत काठावरच राहिली. १९९३ पासून पावसाळ्यात पाणी घरात शिरू लागलं. धरण २००० नंतर टप्प्याटप्प्याने ९०, ९५, १०० मीटर असं वाढत २००६ मध्ये १२१.९२ मीटरवर गेलं आणि २०१७ मध्ये दरवाजे बंद होऊन १३८.६८ मीटरला पोचलं. आपल्यासाठी हे आकडे आहेत. काठावरच्या कितीतरी कुटुंबांसाठी वाढलेली उंची म्हणजे घर पुन्हा एकदा मोडून उतारावर आणखी वर बांधणं. तेच लाकूड, पुन्हा तेच खड्डे.

आज हक्क काय सांगतो?

२००६ च्या वनहक्क कायद्याने दोन गोष्टी बदलल्या. निस्तार, म्हणजे रोजच्या गरजेसाठी जंगल वापरण्याचा हक्क, कायद्यात आला. आणि बांबूची गणना गौण वनोपजात झाली. पण कागदावरचा हक्क आणि खांद्यावरचा बांबू यात अंतर असतं. हे अंतर कसं कापलं गेलं, ते बघायला महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला, गडचिरोलीला जावं लागतं. तिथल्या मेंढा (लेखा) गावाच्या ग्रामसभेला स्वतःचा बांबू विकण्यासाठी वाहतूक परवाना देण्याचा अधिकार मिळायला २०११ साल उजाडलं. आणि १९२७ च्या कायद्यात बांबू चक्क ‘झाड’ होता! वनस्पतिशास्त्रानुसार तो गवत आहे. जंगलाबाहेर, स्वतःच्या शेतात लावलेला बांबू ‘झाड’ या व्याख्येतून बाहेर काढायला २०१७ साल यावं लागलं.

दुसरीकडे घरकुलं आली. २०१६ पासूनच्या प्रधानमंत्री आवास योजनेत घराचं किमान क्षेत्र २५ चौरस मीटर, म्हणजे साधारण २६९ चौरस फूट. सुरुवातीची रक्कम सपाटीवर १ लाख २० हजार, डोंगराळ भागात १ लाख ३० हजार. पक्कं घर हवंच, यात वाद नाही. पावसात गळणाऱ्या छपराखाली रात्र काढणाऱ्याला ‘मातीचं घर किती सुंदर’ असं सांगायचा हक्क फ्लॅटमध्ये राहणाऱ्या तुम्हा-आम्हाला नाही. पण एक गोष्ट लक्षात घ्या. योजना घर बांधायला पैसे देते. दहा वर्षांनी स्लॅब गळायला लागला, तर सिमेंट, गवंडी, पैसे हे सगळं बाहेरूनच आणावं लागतं. शिवाय २६९ फुटांत गुरं बसत नाहीत, धान्याची कणगी मावत नाही. म्हणून घरकुलाला टेकून बांबूच्या कुडाचा एक ओटा, एक गोठा उभा राहतो. लोक त्या सरकारी चौकोनाचं परत घर करतात.

मला वाटतं, तळोद्याचा हा सगळा इतिहास एका वाक्यात सांगता येतो: ज्या घराची डागडुजी तुम्ही स्वतः, जवळच्या सामानाने करू शकता, ते घर खऱ्या अर्थाने तुमचं. दीडशे वर्षांत इथल्या माणसाकडून घर फार वेळा हिसकावलं गेलं असं नाही. हिसकावलं गेलं ते घर दुरुस्त करण्याचं सामान. आधी साग, मग बांबू, मग माती, मग शेजार. तरीही लोकांनी त्याच मेढी पुन्हा रोवल्या.

आता तुमच्यासाठी एक काम. घरी आजी-आजोबा असतील तर त्यांना विचारा, तुमच्या जुन्या घराच्या भागांना काय म्हणायचे? मेढ, आढं, वळचण, पडवी, ओटा, जे असेल ते. भिली, पावरी, अहिराणी, वऱ्हाडी, कोंकणी, कुठल्याही बोलीत चालेल. फोन समोर ठेवा, रेकॉर्डिंग चालू करा आणि त्यांना बोलू द्या. आणि एक प्रश्न नक्की विचारा: शाकारणीला कोण कोण यायचं?

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.