ग्रंथाची देवघेव आणि सहवाचकांचे वर्तुळ : महाराष्ट्रातील वाचनव्यवहाराचा एक ऐतिहासिक विचार (१८२८–१९०७)

बीजसंज्ञा : वाचनव्यवहार, नेटिव्ह जनरल लायब्ररी, ग्रंथकार सभा, सत्यशोधक समाज, कृष्णराव अर्जुन केळूसकर, डॉ. बाबासाहेब आंबेडकर

प्रस्तावना

महाराष्ट्रातील वाचनसंस्कृतीचा इतिहास बहुधा संस्थांच्या स्थापनावर्षांच्या आधारे लिहिला जातो. अमुक साली वाचनालय निघाले, तमुक साली मासिक सुरू झाले, ग्रंथसंख्या इतकी झाली, अशा नोंदींची मालिका म्हणजे वाचनाचा इतिहास असा समज त्यातून दृढ होतो. या नोंदी आवश्यक आहेत, यात शंका नाही. तथापि वाचन हा केवळ वाचक आणि ग्रंथ यांच्यातील व्यवहार नसतो. आपण वाचलेले दुसऱ्यास सांगावे, आवडलेले पुस्तक त्याच्या हाती द्यावे, त्याने ते वाचून वाद घालावा, ही देवघेव वाचनाचा अविभाज्य भाग असते. ही देवघेव कोणाची कोणाशी होत होती आणि ‘सहवाचक’ म्हणून कोणाला मान्यता होती, हा प्रश्न ग्रंथालयांच्या इतिहासात अभावानेच विचारला गेला आहे. प्रस्तुत लेखात त्याच प्रश्नाच्या अनुरोधाने एकोणिसाव्या शतकातील ग्रंथव्यवहाराचा आणि विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईत घडलेल्या एका ग्रंथभेटीचा विचार केला आहे.

श्रवणाची परंपरा

मुद्रणकला येण्यापूर्वी मराठी समाजात ग्रंथ एकट्याने वाचण्याची वस्तू नव्हती. एकाने पोथी सोडावी, वाचावी, अर्थ सांगावा आणि इतरांनी ऐकावे, अशी रीत होती. श्रीधरस्वामींचे ‘हरिविजय’, ‘रामविजय’ आणि ‘पांडवप्रताप’ हे ग्रंथ चातुर्मासात घरोघरी, देवळांतून आणि चावडीवर लावले जात. अक्षरओळख नसलेल्यांनाही कथा मुखोद्गत असे, ती या श्रवणामुळे. या पद्धतीत ग्रंथ सर्वांचा होता असे म्हणता येईल. परंतु ग्रंथाची निवड सर्वांची नव्हती. ऐकणाऱ्याने काय ऐकावे हे आधीच ठरलेले असे आणि पोथीवर शंका काढणे हा श्रोत्याचा धर्म मानला जात नसे. गणपत कृष्णाजी यांच्या मुंबईतील छापखान्याने १८३१ साली पंचांग छापले आणि पुढे पोथ्याही छापील स्वरूपात मिळू लागल्या. पोथी स्वस्त झाली तरी ती वाचण्याची रीत मात्र दीर्घकाळ तीच राहिली.

वाचनालय आणि वर्गणी

या परंपरेशेजारी एक निराळी व्यवस्था उभी राहत होती. रत्नागिरीचे १८२८ सालचे वाचनालय महाराष्ट्रातील सर्वांत जुने मानले जाते. त्यानंतर अहमदनगर (१८३८), नाशिक (१८४०), पुणे (१८४८) आणि कोल्हापूर (१८५०) येथे वाचनालये निघाली. त्यांपैकी अनेकांची आरंभीची ओळख ‘नेटिव्ह जनरल लायब्ररी’ अशी होती. पुण्याच्या वाचनालयाच्या उभारणीत लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख यांचा वाटा होता. ‘प्रभाकर’ पत्रातून १८४८ ते १८५० या काळात प्रसिद्ध झालेल्या शतपत्रांत त्यांनी ज्ञानसंपादनाचा आणि नव्या ग्रंथांचा जो सातत्याने पुरस्कार केला, त्याचीच ही व्यावहारिक बाजू होय.

वाचनालयाने पोथीच्या बैठकीत नसलेली एक गोष्ट दिली. ती म्हणजे निवड. कपाटातील कोणते पुस्तक घ्यावे हे वाचक ठरवू लागला. वर्तमानपत्रांच्या मेजाभोवती बसून वाचलेल्या मजकुरावर चर्चा करणाऱ्यांचा नवा वर्ग तयार झाला. सरकारी नोकर, शिक्षक, वकील, विद्यार्थी हे त्याचे मुख्य घटक. पण वाचनालय देणग्या आणि वर्गणी यांवर चालत असे, आणि वर्गणी भरण्याची ऐपत ज्या थरात होती तोच थर शाळांतही पुढे होता. प्रवेशाच्या नियमांत जातीचा उल्लेख असण्याची गरजच नव्हती.

स्त्रियांचा प्रश्न तर त्याही पलीकडचा होता. मेजाभोवतीच्या त्या मंडळीत त्यांना जागा नव्हती. काशीबाई कानिटकर (१८६१–१९४८) लग्नानंतर पतीच्या आग्रहामुळे वाचू लागल्या आणि पुढे मराठीतील आरंभीच्या प्रमुख गद्यलेखिका ठरल्या. हरि नारायण आपटे यांच्याशी त्यांचा जो वाङ्मयीन स्नेह जुळला, तो घरातील ओळखीतून जुळला. एकोणिसाव्या शतकातील स्त्रीच्या वाचनाचे स्थान घर हेच होते आणि घरातील एखादा पुरुष अनुकूल असणे ही त्याची पूर्वअट होती. हा विषय स्वतंत्र अभ्यासाचा आहे. येथे त्याचा निर्देश पुरेसा आहे.

ग्रंथकारांची सभा आणि एक नकार

वाचलेल्या ग्रंथाविषयी चारचौघांत मत देण्याची प्रथा नियतकालिकांनी रुजवली. ‘विविधज्ञानविस्तार’ (१८६७) आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ (१८७४) यांचे या संदर्भातील कार्य सर्वपरिचित आहे. चिपळूणकरांनी ‘वाचन’ या विषयावर स्वतंत्र निबंध लिहिला. ग्रंथांवरील टीका कशी असावी याचाही ऊहापोह केला. मात्र याच ‘निबंधमाले’ने जोतीराव फुले यांच्या लेखनाचा परामर्श घेताना त्यांच्या भाषेची आणि व्याकरणाची टर उडवली. ‘गुलामगिरी’ (१८७३) हा ग्रंथ कोणता प्रश्न विचारतो यापेक्षा तो कोणत्या मराठीत विचारतो, याकडे परीक्षकाचे लक्ष अधिक होते. ग्रंथपरीक्षण हे सहवाचकाशी केलेले संभाषण असते असे मानले, तर या ठिकाणी समोरच्यास संभाषणाचा अधिकारच नाकारला गेला होता.

ही पार्श्वभूमी ध्यानात घेतल्याशिवाय १८८५ सालच्या पत्राचा अर्थ लागत नाही. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे आणि लोकहितवादी यांच्या पुढाकाराने १८७८ साली पुण्यात मराठी ग्रंथकारांची पहिली सभा भरली. ग्रंथकारांनी एकत्र यावे, ग्रंथप्रसारास उत्तेजन मिळावे, असा तिचा हेतू होता. १८८५ साली दुसरी सभा पुण्यातच भरली. तिचे निमंत्रण रानडे यांनी फुले यांना पाठवले. फुले यांनी ते नाकारले. त्यांचे उत्तर त्याच वर्षी ‘ज्ञानोदय’ पत्रात प्रसिद्ध झाले. ज्यांच्या ग्रंथांनी शूद्रातिशूद्रांचे मानवी हक्क नाकारले, त्यांच्या सभांशी आणि पुस्तकांशी आपल्या सभांचा आणि पुस्तकांचा मेळ बसत नाही, असा त्याचा आशय आहे.

या पत्राचे वाचन अनेकदा केवळ ब्राह्मणविरोधाचा पुरावा म्हणून केले जाते. ते अपुरे आहे. फुले ग्रंथांपासून दूर जात नव्हते. सत्यशोधक समाजाच्या (१८७३) स्थापनेपासून ग्रंथप्रकाशन, शिक्षण आणि ‘दीनबंधु’सारखे पत्र (१८७७) यांच्या आधारे एक वेगळे वाचकवर्तुळ आकाराला येत होते. निमंत्रण मिळाले म्हणजे बरोबरीचे स्थान मिळाले असे होत नाही, हे फुले यांनी नेमके ओळखले होते. रानडे यांचा हेतू प्रामाणिक होता, याविषयी संशय घेण्याचे कारण नाही. प्रश्न हेतूचा नव्हता.

चर्नी रोडच्या बागेतील ओळख

या नकारानंतर सुमारे दोन दशकांनी मुंबईत घडलेली घटना वाचनालयात घडली नाही, सभेतही घडली नाही. एल्फिन्स्टन हायस्कुलात शिकणारा एक मुलगा शाळा सुटल्यावर चर्नी रोडच्या बागेत वाचत बसत असे. त्याच बागेत विल्सन हायस्कुलातील एक शिक्षक संध्याकाळी येत. ते होते कृष्णराव अर्जुन केळूसकर (१८६०–१९३४). ब्राह्मणेतर समाजातून आलेला, ग्रंथलेखनात रमलेला हा शिक्षक तुकारामांचा आणि पुढे शिवछत्रपतींचा चरित्रकार म्हणून मराठी वाचकांस परिचित झाला. त्यांनी मुलाची चौकशी केली. मुलाचे नाव भीमराव रामजी आंबेडकर. केळूसकर त्याला काय वाचावे हे सांगू लागले, आपल्याकडील पुस्तके देऊ लागले. परळच्या चाळीतील एका खोलीत राहणाऱ्या सुभेदार रामजींनी मुलाच्या पुस्तकांसाठी लेकींचे दागिने गहाण ठेवल्याचे चरित्रकार सांगतात. अशा घरातील मुलास पुस्तक देणारा माणूस भेटणे याचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

परीक्षा उत्तीर्ण झाल्याबद्दल त्याच्या समाजाने अभिनंदनाची सभा भरवली. तीत केळूसकरांनी १८९८ साली प्रसिद्ध झालेले स्वतःचे ‘गौतमबुद्धाचे चरित्र’ त्यास भेट दिले. ही परीक्षा कोणती, याविषयी साधनांत एकवाक्यता नाही. धनंजय कीर यांच्या चरित्रात (१९५४) ती १९०७ सालची मॅट्रिकची परीक्षा आहे आणि सभेचे अध्यक्ष सीताराम केशव बोले आहेत. ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या ग्रंथासाठी १९५६ साली लिहिलेल्या प्रस्तावनेत स्वतः आंबेडकर मात्र इंग्रजी चौथी इयत्ता असे म्हणतात आणि अध्यक्षपद केळूसकरांकडे देतात. जवळपास पन्नास वर्षांनंतरच्या आठवणीत इयत्ता आणि अध्यक्ष बदलणे स्वाभाविक आहे. पुस्तक आणि ते देणारा हात यांबाबत मात्र दोन्ही साधने एकमुखी आहेत, ही बाब अधिक महत्त्वाची वाटते. (हेच बोले यांनी १९२३ साली मुंबई विधिमंडळात सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा, न्यायालये, कचेऱ्या आणि दवाखाने अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव मांडला. त्या यादीत वाचनालय नाही.)

प्रस्तावनेतील आणखी एक तपशील लक्षणीय आहे. या सभेला रामजींचा विरोध होता. मुलगा केवळ परीक्षा उत्तीर्ण झाला आहे, त्यात विशेष काही नाही, सत्काराने त्याच्या डोक्यात हवा जाईल, असे त्यांचे मत होते. अखेर लोकांनी रामजींचे स्नेही असलेल्या दादा केळूसकरांना मध्यस्थी करायला लावले, तेव्हा कुठे सभा भरली.

घरातील वाद

रामजी सुभेदार धार्मिक वृत्तीचे होते. घरातील मुलांनी रोज महाभारत आणि रामायण वाचावे, बहिणींना आणि कथा ऐकण्यासाठी घरी येणाऱ्या मंडळींना ते वाचून दाखवावे, हा त्यांचा दंडक होता. म्हणजे पोथीश्रवणाची जी जुनी रीत आरंभी पाहिली, ती परळच्या त्या खोलीत तशीच चालू होती. फरक इतकाच, की वाचणारा एका अस्पृश्य कुटुंबातला शाळकरी मुलगा होता. बुद्धचरित्र वाचल्यावर त्या मुलाने वडिलांना विचारले, की बौद्ध वाङ्मयाची ओळख आपणांस का करून दिली नाही? ब्राह्मण-क्षत्रियांची थोरवी आणि शूद्रांची व अस्पृश्यांची अवहेलना सांगणारे ग्रंथच वाचण्याचा आग्रह का?

वडिलांचे उत्तर उडवाउडवीचे नव्हते. अस्पृश्य म्हणून जन्मलेल्या मुलांच्या मनात न्यूनगंड येण्याचा संभव असतो. द्रोण, कर्ण, वाल्मीकी ही लहान स्थितीतून मोठ्या पदाला पोचलेली माणसे याच ग्रंथांत भेटतात, म्हणून ते वाचावेत, अशी त्यांची भूमिका होती. या युक्तिवादात तथ्य असल्याचे आंबेडकरांनी मान्य केले आहे, परंतु समाधान झाले नाही. भीष्म, द्रोण आणि कृष्ण यांच्या वर्तनात, तसेच रामाच्या वाली-सुग्रीव प्रकरणातील आणि सीतेशी केलेल्या वागणुकीत, मुलाला जे दोष दिसले ते त्याने बोलून दाखवले. वडील गप्प राहिले.

श्रोत्याने पोथीला प्रश्न विचारण्याचा हा प्रसंग आहे, आणि तो शक्य झाला कारण मुलाच्या हाती तुलनेसाठी दुसरे पुस्तक होते. आंबेडकर स्वतः सांगतात, की आपण बुद्धाकडे रिकाम्या मनाने गेलो नाही. पूर्वीच्या वाचनाची पार्श्वभूमी असल्याने ताडून पाहता आले. रामजींनी सक्तीने करविलेले वाचन आणि केळूसकरांनी प्रेमाने दिलेले पुस्तक ही दोन्ही या घडणीत आवश्यक होती. रामजींना केवळ परंपरानिष्ठ म्हणून बाजूला सारणारे लेखन त्यांच्यावर अन्याय करते. निरक्षर शेजाऱ्यांना ग्रंथ ऐकवणारे आणि मुलाचा विरोधी युक्तिवाद ऐकून घेणारे ते घर त्या काळातील अनेक वाचनालयांपेक्षा अधिक मोकळे होते, असे म्हणावे लागते.

केळूसकरांचा संबंध एका पुस्तकाने संपला नाही. इंटरनंतर शिक्षण थांबण्याची वेळ आली तेव्हा त्यांच्याच प्रयत्नाने सयाजीराव गायकवाड यांची दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. आंबेडकरांनी पुढे ग्रंथांसाठी दादर येथे ‘राजगृह’ बांधले, ‘हू वेअर द शूद्राज?’ (१९४६) हा ग्रंथ जोतीराव फुले यांना अर्पण केला आणि बुद्ध, कबीर व फुले यांना आपले गुरू मानले. ज्या प्रस्तावनेत त्यांनी केळूसकरांचे ऋण नोंदवले, ती मात्र १९५७ साली त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झालेल्या ‘द बुद्ध अँड हिज धम्म’च्या मूळ आवृत्तीत छापली गेली नाही. त्या ग्रंथाच्या पहिल्या वाचकांना विल्सन हायस्कुलातील त्या शिक्षकाचे नाव त्यात सापडले नाही.